निळ्यावर घ्या

त्या उन्हाळ्यात माझ्या आईचा श्वास चालू राहिला तो आमच्या घरमालकीण मावशींमुळे. बाकीचं सगळं नंतर. हे पहिल्यांदा लिहून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मावशींची एक चूकही येईल, आणि वाचणाऱ्याचं मन तिथेच अडकून बसेल अशी मला भीती वाटते. आमच्या इमारतीतल्या काही जणांचं तसं झालंच आहे.

मी मूळची पार पूर्वेकडची, धानाच्या मुलखातली. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्यामागे पुण्यात आले. तो एका कारखान्यात पाळीने जातो, मी घरी ब्लाउज शिवते. आम्ही मांजरीत भाड्याच्या खोलीत राहतो. मावशींच्या घरचा पूर्वी इथे ऊस होता. आता त्या जागेवर त्यांची तीन मजली इमारत आहे, खाली त्यांचं घर आणि अंगण, वर आम्ही भाडेकरू. रस्त्यापलीकडे उंच सोसायट्या. त्यांच्या प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा लटकलेला दिसतो.

आईला मी गावाहून आणलं तेव्हा तिला चार वाक्यं सलग बोलवत नव्हती. जन्मभर राईस मिलमध्ये कोंड्याच्या धुळीत काम केलेलं, घरी आल्यावर चुलीचा धूर. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, दिवसातला बहुतेक वेळ नळी नाकात पाहिजे. मशीन भाड्याने आणलं. ते कोपऱ्यात बसून सारखं घुरघुरायचं. हवा बाहेरचीच घ्यायचं, पण वीज आमच्या घरातली लागायची. जोडीला एक लहान सिलिंडर दिला होता. लाईट गेली तर तेवढाच आधार.

आईचं त्या मशीनशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

"काऊन वं, हे बंद नाही का होत? माणूस घोरल्यावाणी घोरून राह्यलं."

"आई, ते बंद झालं तर तुला त्रास होईल."

"तुह्या बापाचंबी असंच होतं. घोरणं बंद झालं का मले झोप नव्हती येत."

आता वीज कशी यायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इमारतीत तीन फेज येतात. लाल, पिवळा आणि निळा. प्रत्येक खोलीच्या दाराशी एक गोल खटका आहे, शेगडीच्या बटणासारखा. आपल्या फेजची लाईट गेली की खटका फिरवायचा आणि दुसऱ्या फेजवर जायचं. कुठला फेज जिवंत आहे हे दाखवणारे तीन बारके दिवे खाली मीटरच्या पेटीवर आहेत, ते फक्त मावशींच्या ओट्यावरून दिसतात. म्हणून लाईट गेली की मावशी अंगणात यायच्या, कमरेवर हात ठेवून मान वर करायच्या आणि ओरडायच्या, "निळा हाय! निळ्यावर घ्या!" पलीकडच्या इमारतीतलं कोणीतरी तीच हाक पुढे द्यायचं, त्याच्या पुढचा त्याच्या पुढे. गल्लीच्या टोकापर्यंत हाक जायची. मी नवीन होते तेव्हा मला या गावात पहिल्यांदा आपलं वाटलं ते या हाकेमुळे. आमच्या गावी लाईट गेली की जो तो आपल्या अंधारात बसायचा. इथे कोणीतरी सगळ्यांसाठी ओरडत होतं.

त्या वर्षी सगळ्यांनीच काही ना काही घेतलं. वरच्या मजल्यावरचा पोरगा घरूनच लॅपटॉपवर काम करायचा, त्याने हप्त्यावर एसी बसवला. मधल्या खोलीतल्यांनी विजेची स्कूटर आणली, तिची वायर गॅलरीतून खाली लोंबायची, आणि संध्याकाळी तिच्याखालून वाकून जावं लागायचं. कोणाचं इंडक्शन, कोणाचं कपडे धुवायचं मशीन. आमचा कूलर, माझं शिलाई मशीन, आणि आईचं ते घुरघुरणारं. आम्ही कोणाला बोलणार? आमचं तर दिवसरात्र चालू.

एप्रिल संपता संपता रोजचंच झालं. संध्याकाळी सगळे घरी आले की ट्यूब लपलपायची, पंखा दमल्यासारखा फिरायचा, स्टॅबिलायझर खटखट करायचा आणि आईचं मशीन चिरक्या आवाजात ओरडायला लागायचं. मी हातातली कात्री टाकून धावायचे. कधी खटका फिरवून भागायचं, कधी सिलिंडर उघडायला लागायचा. पुढेपुढे मशीन नीट चालू असतानाही मला तो आवाज ऐकू यायचा. भाजी चिरताना मध्येच उठून बघून यायचे. आई म्हणायची, "बस वं एका जागी. तुह्या येरझाऱ्या पाहूनच मले दम लागते."

मावशींचं बोलणं म्हणजे फटका. पहिल्यांदा मशीन वर नेलं तेव्हा त्यांनी जिन्यातच अडवलं होतं.

"हे काय? हितं हास्पिटल काढता का काय?"

"मावशी, आईला श्वासाचा त्रास आहे."

"त्रास हाय ते दिसतंय. लोड किती घेतंय ते इचारते."

मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "बघा बाबा," आणि बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र ताकाचा तांब्या घेऊन वर आल्या आणि आईजवळ बसल्या. दोघींचं कसं जमलं मला माहीत नाही. आई म्हणायची, "तुही मालकीण साधं बोलते तं भांडल्यावाणी वाटते." मावशी म्हणायच्या, "तुझी आई भांडली तरी गानं म्हनल्यावानी वाटंल." एकीला दुसरीचं निम्मं कळत नसावं, पण तास तास बसायच्या.

मे महिन्यातला तो रविवार. नवरा कामावर होता. मावशींच्या नातीला बघायला कोथरूडहून पाहुणे येणार होते, म्हणून सकाळपासून अंगणात गडबड. मावशींनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाय, उद्या शिवायचं मशीन लावू नको. समद्यांनाच सांगितलंय, जरा दमानं घ्या. पाव्हन्यांच्या म्होरं पंखा बंद पडला तर आमची शोभा." त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता, तरी त्यांना धाकधूक होती. नात शिकलेली, बोलायला मोकळी, पण तोवर कुठे जमत नव्हतं. हे स्थळ घरात सगळ्यांच्या मनात भरलं होतं.

पाहुणे आले, आणि ऐन दुपारी लाल फेज गेला. वरच्या पोराचा एसी लालवर होता, निम्मी इमारत लालवर होती. मावशी नव्या लुगड्यातच अंगणात आल्या. मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मान वर केली आणि नेहमीसारखी हाक दिली, "निळा हाय! निळ्यावर घ्या!"

आम्ही आधीच निळ्यावर होतो. नवऱ्याने मुद्दाम आईचं मशीन एसीपासून लांब ठेवलं होतं. मला वरून, शेजारून, खालून खटके फिरवल्याचे आवाज ऐकू आले. मग हाक पुढच्या इमारतीत गेली, त्याच्या पुढच्या. आमचा पंखा मंद झाला. मशीनचा आवाज जाड झाला, ओझं उचलताना माणूस कण्हतो तसा. मी आत वळतेय तोवर गल्लीच्या तोंडाशी डीपीवर, सगळ्या गल्लीला वीज देणाऱ्या पेटीवर, धाडकन आवाज झाला. निळा गेला. कोणीतरी ओरडलं, "पिवळ्यावर घ्या!" आणि पुन्हा ते खटके. पिवळा टिकला तो जेमतेम. दुसरा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. डीपीतून काळा धूर निघाला आणि रबर जळल्याचा वास खोलीपर्यंत आला.

सगळ्या गल्लीतले पंखे, कूलर, एसी एकदम गप्प झाले. उरला फक्त आईच्या मशीनचा तो चिरका आवाज.

मी सिलिंडर उघडला. आठवडाभर थोडा थोडा करून तो वापरला गेला होता, काटा तळाकडे आलेला. दुकानाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, आज रविवार. सगळीकडूनच फोन येतायत. उद्या बघू." मी म्हटलं, "उद्यापर्यंत कसं होणार हो?" त्याने नीटच सांगितलं, तुमचं खरं आहे पण माझ्याकडे भरलेला एकही नाही. नवऱ्याला फोन लावला, तो कामावर असताना उचलत नाही. आई उशीला टेकून बसली होती. ओठांवर निळसर झाक, खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. बोलत काही नव्हती, आणि आई गप्प बसली की मला सगळ्यात भीती वाटायची.

मी खाली धावले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. आत पाहुणे बसलेले, वर इन्व्हर्टरवर पंखे फिरतायत, नात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. माझे केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. मावशींनीच पाहिलं.

"काय गं?"

"मावशी, आईचं मशीन... सिलिंडर संपत आलाय."

त्यांच्या मुलाने पाहुण्यांकडे बघून हळूच म्हटलं, "आई, थोड्या वेळाने बघू. येईल लाईट."

"थोड्या येळानं श्वास घेती म्हनून सांगू का तिला?" मावशी उठल्याच. "म्हातारीला खाली आना. वर वायर पुरायची न्हाई. दवाखान्यात न्यायला लागलं तर जीप दारात हाय, पन आधी हितं हवा लावा."

आईला खाली आणायला वरचा एसीवाला पोरगा आला, आणि दुसऱ्या बाजूने ज्याला नात बघायची होती तो मुलगा स्वतः उठला. इस्त्रीचा शर्ट, नवी पँट. काही न विचारता आमच्या खोलीत आला आणि आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. मी मागून सिलिंडर धरून चालत होते. मशीन मावशींच्या मुलाने आणलं.

बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या समोर, आईला दिवाणावर बसवलं. मशीन लावलं तर इन्व्हर्टर किंचाळला. मावशींचा मुलगा म्हणाला, "आई, पंखे आणि हे एकत्र नाही ओढणार."

मावशींनी काय केलं, एकेक बटण बंद करत घरभर फिरल्या. बैठकीतले पंखे, आतले पंखे, फ्रिज, टीव्ही. देवघरातला लाल दिवासुद्धा. सून म्हणाली, "अहो, देवाचा तरी राहू द्या." मावशी म्हणाल्या, "देवाला काय करायचाय उजेड? त्याला घर पाठ हाय."

मशीन चालू झालं. मी आईच्या नाकाशी हात धरून बसले. बराच वेळ खांदे तसेच उचलले जात होते, मग हळूहळू उतरले.

त्या बंद खोलीत पाहुणे घामाने निथळत होते. दारापुढे तापलेली पत्र्याची शेड, बाहेर मे महिना. नात भरजरी साडीत आईला पुठ्ठ्याने वारा घालत होती, आणि मला मान वर करायची लाज वाटत होती. बघायला आलेल्या मुलाची आई रुमालाने गळा पुसत म्हणाली, "आमच्याकडे कोथरूडला लाईट अशी जात नाही हं. आणि आमच्या ह्याला उकाडा अजिबात सहन होत नाही. लहानपणापासून एसीची सवय."

मावशी म्हणाल्या, "मग नवरी कशापायी बघता? अजून एक एसीच घ्या."

एक म्हातारे पाहुणे रुमालात हसले. बाकी कोणी हसलं नाही. सुनेचा चेहरा पडला. थोड्या वेळाने पाहुणे अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसले, मग चहा घेऊन निघाले. तो बघायला आलेला मुलगा जाताना आईजवळ आला आणि म्हणाला, "काळजी घ्या आजी." आई अजून बोलू शकत नव्हती. तिने हात वर केला.

मग नुसतं वाट बघणं. इन्व्हर्टरवर बॅटरीच्या खुणेचे हिरवे दिवे होते, त्यातला एक विझला, मग आणखी एक. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे. मावशी भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या होत्या, लुगड्याचा पदर कपाळाला लावून. मी म्हटलं, "मावशी, तुमचा सगळा दिवस..." त्या म्हणाल्या, "गप बस. बोललं की हवा जास्त लागती."

उन्हं कलल्यावर वायरमन आला. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. सकाळपासून हेच करतोय म्हणाला. मावशींनी विचारलं, "कशानं गेली रं?"

"कशाने जाणार? कोणीतरी ओरडलं असेल ना, निळ्यावर घ्या म्हणून? सगळ्या गल्ल्यांत तेच चाललंय. एक फेज मेला की सगळी गल्ली दुसऱ्याच्या उरावर बसते. तो मेला की तिसऱ्याच्या. ही डीपी बसवली तेव्हा इथे पंखे होते, आता घरोघरी थंडगार पाहिजे सगळ्यांना." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आज चालू करून देतो. पंखा आणि दिवा, बस. एसी लावायचाच असेल तर आधी मेणबत्त्या आणून ठेवा."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. कितीतरी वर्षं ती हाक त्यांनी सगळ्यांच्या भल्यासाठी दिली होती.

दिवेलागणीला लाईट आली. इन्व्हर्टरवर तेव्हा शेवटचा दिवा लुकलुकत होता.

पुढे इमारतीत चर्चा झालीच. मालकिणीनेच ओरडून डीपी उडवली आणि वर उपकार केल्याचा आव, असं मी जिन्यात ऐकलं. माझा नवराही म्हणाला, "त्यांच्यामुळे लाईट गेली, त्यांच्यामुळे आई वाचली. फिटलं की." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. ती हाक ऐकून खटका आम्ही सगळ्यांनीच फिरवला होता. पण पाहुण्यांसमोर उठून आपल्या घरातलं एकेक बटण बंद करणारं तिथे एकच माणूस होतं.

त्यानंतर मावशींनी अंगणातून हाक देणं सोडलं. लाईट गेली की दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायच्या आणि दारोदार सांगायच्या, तू पिवळ्यावर जा, तू थांब, तुझी स्कूटर काढ आधी. निळ्यावर फक्त आईचं मशीन, हा त्यांचा हुकूम. वरचा पोरगा म्हणाला, "आजी, मी घरून काम करतो हो, एसी लागतो."

"कर की काम. घाम आल्यानं कम्प्युटर बिघडतो व्हय?"

तो हसला आणि दुपारचा एसी बंद ठेवू लागला. सगळेच ऐकायचे असं नाही. पण उन्हाळा निघाला.

त्या स्थळाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच बघून झाली होती हे मला ठाऊक होतं. मी बरेच दिवस मावशींसमोर जायचं टाळलं. एकदा नातच वर आली, ब्लाउजचं माप द्यायला. म्हणाली, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते स्थळ तुमच्या आईमुळे गेलं नाही." खरं असेल. माझ्या समाधानासाठीही म्हणाली असेल. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

आई थंडीत गेली. तेव्हा कूलर बंद होते, एसी बंद होते, लाईट एकदाही गेली नव्हती. मशीन नीट चालू होतं, नळी नाकात होती, आणि तरी तिचा श्वास थांबला. मी आधी मशीनकडे धावले, खटका बघितला, प्लग बघितला. मावशींनी मला मागून धरलं आणि म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं न्हाई बाय. बंद कर आता." ते बटण मला बंद करवेना. शेवटी त्यांनीच केलं.

आता मावशींच्या मुलांनी ही जागा बिल्डरला द्यायचं ठरवलंय. आम्ही भाडेकरू पांगू. इथे उंच इमारत होईल आणि मावशींना वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळेल. सगळ्या खोल्यांत एसी असणार, असं मुलगा कौतुकाने सांगतो. मावशींना त्याची धास्ती बसली आहे. परवा ओट्यावर माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "येवढी समदी घरं, येवढे एसी. लाईट जानारच. लिफ्ट बंद पडली का मी वर अडकले. पोरं कामावर, नात उद्या सासरी. खाली यायचं न्हाई, वर कुनी यायचं न्हाई." मग स्वतःच हसल्या, "म्हनजे मंग वरच्या वर वर, देवाकडं."

मी तेव्हा हसले नाही आणि काही बोललेही नाही. बोलायला गेले असते तर रडले असते. म्हणून इथे लिहिते. मावशी, आम्ही पुण्यात कुठल्याही कोपऱ्यात राहायला गेलो तरी तुमच्या भागात लाईट गेल्याचं कळलं की मी निघेन. लिफ्ट बंद असेल तर जिना चढेन, दम खात चढेन, आणि लाईट येईपर्यंत तुमच्याजवळ बसेन. आईचा एवढा मोठा उन्हाळा तुम्ही मला दिलात. तो कधी ना कधी फेडीन.